गिफ्ट कार्डांचे थर आणि मुलांच्या कॉलेजचा खर्च

पुण्या-मुंबईच्या मंडळींमध्ये क्रेडिट कार्डावरून सरळ दोन तट पडलेत. एकांच्या मते कार्ड म्हणजे कर्ज, त्याच्या नादी लागू नये. दुसरे बँकेच्या पोर्टलवरून व्हाउचर घेऊन पाचपट पॉइंट मिळवतात आणि त्यातून बिझनेस क्लासचं तिकीट काढतात. या भांडणात मुलांच्या शिक्षणाचं नाव क्वचितच निघतं. अमेरिकेत मात्र हेच तंत्र कॉलेजसाठी पैसे बाजूला काढायला वापरणारी बरीच घरं आहेत आणि त्यांत मराठी घरंही आहेत. तंत्र चालतं. पण किती चालतं, याचा हिशोब फार थोडे जण पूर्ण मांडतात.

समजा होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून शंभर डॉलरचा रंग आणायचाच आहे. दुकानात साधं २ टक्क्यांचं कार्ड वापरलं तर दोन डॉलर परत मिळतात. होम डेपोचं तेच शंभराचं गिफ्ट कार्ड किराण्यावर ६ टक्के देणाऱ्या कार्डाने सुपरमार्केटमध्ये घेतलं, तर सहा. क्रोगरसारखी सुपरमार्केट साखळी मधूनमधून गिफ्ट कार्डांवर चौपट इंधन पॉइंट देते: शंभर डॉलरवर ४०० पॉइंट, म्हणजे त्यांच्या पंपावर गॅलनमागे ४० सेंट सूट. पंधरा गॅलनची टाकी भरली की आणखी सहा डॉलर. याला अमेरिकेत स्टॅकिंग म्हणतात, एकावर एक थर. शेवटी कॅशबॅक पोर्टलमधून, म्हणजे खरेदीतले काही पैसे परत देणाऱ्या संकेतस्थळावरून, ऑनलाइन खरेदी करून आणखी एक थर चढवता येतो, पण गिफ्ट कार्डाने पैसे भरले तर अनेक दुकानं पोर्टलचा कॅशबॅक नाकारतात. हा थर हिशोबात धरूच नये.

आता वर्षाचं गणित. अमेरिकन एक्सप्रेसचं ब्लू कॅश प्रेफर्ड अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये वर्षाला ६,००० डॉलरपर्यंत ६ टक्के देतं, त्यापुढे १ टक्का. वॉलमार्ट, टार्गेट, कॉस्टको यांची गणना सुपरमार्केटमध्ये होत नाही. मर्यादा पूर्ण वापरली तर ३६० डॉलर. त्यातून ९५ डॉलर वार्षिक शुल्क गेलं की २६५. बिनशुल्काच्या २ टक्के कार्डावर तेवढ्याच खर्चाचे १२० मिळालेच असते. म्हणजे या सगळ्या खटाटोपाची खरी जास्तीची कमाई वर्षाला १४५ डॉलर. घरातल्या नुसत्या किराण्यानेच ६,००० भरत असतील तर गिफ्ट कार्डांसाठी जागाच उरत नाही. शिवाय प्रीपेड, म्हणजे आधीच पैसे भरलेल्या कार्डांची खरेदी रिवॉर्डला पात्र नाही, असं कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं. आज मिळालेले पैसे उद्या परत घेण्याचा हक्क ती राखून असते.

हे २६५ डॉलर दर वर्षी ५२९ खात्यात (शिक्षणासाठीचं करसवलतीचं अमेरिकन बचत खातं) टाकले आणि सरासरी ६ टक्के परतावा धरला, तर अठरा वर्षांत साधारण ८,२०० डॉलर होतात. कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये राज्यातल्याच विद्यार्थ्यासाठी सरकारी विद्यापीठाची वर्षाची सरासरी फी ११,६१० डॉलर होती, तीही राहण्या-जेवण्याचा खर्च सोडून. त्याच परताव्याने महिन्याला शंभर डॉलरची आपोआप कपात ३७,००० च्या वर जाते. आधी ती कपात चालू करावी, गिफ्ट कार्डांचं मग बघावं.

सगळ्यात जास्त गळती होते ती शेवटच्या पायरीवर. रिवॉर्ड बहुतेक वेळा बिलातली सूट म्हणून मिळतं. बिल ४० डॉलरने कमी झालं, आपण तेवढं कमी भरलं, आणि ते ४० डॉलर घरखर्चात विरून गेले. वर्षानुवर्षं थर रचूनही खात्यात काही न दिसण्याचं कारण हेच. रिवॉर्ड वळतं करू त्याच दिवशी, त्याच रकमेचा भरणा ५२९ मध्ये करायचा. फिडेलिटीचं २ टक्क्यांचं व्हिसा कार्ड रिवॉर्ड थेट फिडेलिटीच्या ५२९ खात्यात टाकतं. दोन-चार टक्के जास्त देणाऱ्या कार्डापेक्षा मला ही सोय मोलाची वाटते. राज्यही पाहावं. न्यू जर्सीत दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला स्वतःच्या राज्याच्या योजनेत भरलेल्या दहा हजारांपर्यंत राज्याच्या करात वजावट मिळते. कॅलिफोर्नियात काहीच मिळत नाही.

कार्ड विकत घेताना पाकीट उलटंपालटं करून पाहावं. चोर कार्डाचा नंबर आणि पिन टिपून, पाकीट परत चिकटवून रॅकवर ठेवतात आणि कार्ड सक्रिय होताच पैसे काढून घेतात. पिनवरची पट्टी उचकटलेली दिसली तर ते कार्ड सोडून मागचं घ्यावं. पावती आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो ठेवावा, कार्ड महिन्याभरात संपवावं. बेड बाथ अँड बियाँड या दुकानसाखळीने एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि गिफ्ट कार्डं ८ मेपर्यंतच चालली, जेमतेम दोन आठवडे. महागडी उपकरणं गिफ्ट कार्डाने घेऊच नयेत, क्रेडिट कार्डाची वाढीव वॉरंटी त्यात हातची जाते.

काही जण व्हिसा कंपनीची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांची मनी ऑर्डर करतात, ती बँकेत भरून कार्डाचं बिल फेडतात आणि तेच पैसे फिरवत राहतात. अमेरिकेतल्या अनिकीव्ह नावाच्या दांपत्याने २०१३-१४ मध्ये असं करून तीन लाख डॉलरहून जास्त रिवॉर्ड मिळवलं. अमेरिकेच्या कर न्यायालयाने २०२१ मध्ये गिफ्ट कार्डांवरच्या रिवॉर्डला किमतीतली सूट मानून करातून वगळलं, पण थेट घेतलेल्या मनी ऑर्डरवरचं रिवॉर्ड करपात्र ठरवलं. अमेरिकेत परदेशी नागरिक म्हणून प्रवेश-व्हिसावर राहणाऱ्यांनी या वाटेला अजिबात जाऊ नये, बँकेला हे व्यवहार काळा पैसा पांढरा करण्यासारखे दिसतात. गिफ्ट कार्डं विकणाऱ्या ऑफिस सप्लायच्या दुकानात ५ टक्के देणारी व्यवसायाची कार्डंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर टाळावीत. अर्जात व्यवसाय दाखवावा लागतो, आणि त्या व्हिसावर काम फक्त प्रायोजक कंपनीचं करता येतं.

पुण्या-मुंबईच्या त्या वादाबद्दल माझं मत यातूनच बनलं आहे. भारतातल्या काही वरच्या दर्जाच्या कार्डांवर विमान तिकिटासाठी एक रुपयाचा असलेला पॉइंट बिलात वळता केला की तीस पैशांचा होतो. रचनाच प्रवासाकडे ढकलणारी आहे, लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. मुलीच्या शिक्षणासाठी साठवायचं असेल तर साधं कॅशबॅक कार्ड घ्यावं आणि मिळालेली रक्कम सुकन्या समृद्धीत टाकावी. तिथे वर्षाला २५० रुपयांपासून दीड लाखापर्यंत भरता येतात. बिल मात्र दर महिन्याला पूर्ण फेडलं पाहिजे. थकबाकीवरचं व्याज कॅशबॅक खाऊन टाकतं.

भारतात परत जायचा विचार असलेल्यांनी ५२९ मध्ये ओतण्याआधी एक तपासावं. कॉलेजसाठी तो पैसा अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा फेडरल स्कूल कोड असलेल्या संस्थेतच करमुक्त वापरता येतो. इतरत्र वापरला तर त्यातल्या नफ्यावर आयकर आणि वर १० टक्के दंड लागतो, मुद्दलावर नाही. कोडची यादी फाफ्साच्या (अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक मदतीच्या अर्जाच्या) संकेतस्थळावर शोधता येते.