‘ळ’ फक्त आपलाच? मग बेळ्ळुळ्ळीचं काय करायचं?

परवा सकाळी आईनं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि पाठोपाठ फोनही केला, "वाच की, किती छान लिहिलंय!" तुमच्याकडंही तो आला असेलच. थोडक्यात असा : ‘ळ’ हे अक्षर जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत नाही, ते फक्त मराठीचं, संस्कृतातसुद्धा नाही, ळ म्हणताना जीभ वळते, त्यानं मेंदूला चालना मिळून स्मरणशक्ती वाढते, ज्याला ळ म्हणता येत नाही तो मराठी कसला? आणि तळाला आमच्याच इथल्या कुणा उत्साही माणसानं चिकटवलेलं शेपूट : ‘बेळगावच्या नावातच ळ आहे, आणखी कुठला पुरावा पाहिजे?’

आता हा मेसेज पाठवणारी बाई बघा. आई कैक वर्षं गणपत गल्लीत भाजी घेते. तिची ठरलेली भाजीवाली बैलहोंगलकडची, बोलणं सगळं कन्नडमध्ये. आई वाकून विचारते, "बेळ्ळुळ्ळी ह्यांग री?" बेळ्ळुळ्ळी म्हणजे लसूण. मोजा ळ. चार! एका लसणीत चार ळ. शेजारी उळ्ळागड्डी, म्हणजे कांदा, त्यात दोन. पलीकडं बाळेहण्णु, म्हणजे केळी. घरी येऊन जोळाचं पीठ मळायचं, जोळ म्हणजे जोंधळा. पिशवी भरेपर्यंत कन्नडमधले वीस-पंचवीस ळ तोंडातून गेलेले असतात, आणि घरी येऊन चहा पिता पिता ही ‘ळ फक्त मराठीत’ म्हणून पुढं ढकलते.

कन्नड माणसाला ळ न वापरता पाच मिनिटं बोलून दाखवा म्हणावं. ‘ती’ म्हणजे अवळु. मुलं म्हणजे मक्कळु. पुस्तकं म्हणजे पुस्तकगळु, अनेकवचनाचा प्रत्ययच ‘गळु’. पाऊस मळे, वारा गाळी, नदी होळे. वर्णमाला आपली ‘ह ळ क्ष ज्ञ’वर संपते, त्यांची ‘ह ळ’वर. आणि ळ चा ल केला की अर्थ पालटतो, ही गंमतही आपल्या एकट्याची नाही. आपल्याकडं वेळेची वेल होते, तिकडं हळ्ळी म्हणजे खेडं आणि हल्ली म्हणजे पाल. तेलुगू, तमिळ, मल्याळम, तुळू, कोकणी, गुजराती, राजस्थानी, ओडिया या सगळ्यांत ळ आहे. पंजाबीतही आहे, तिथं ल च्या पायाशी टिंब देऊन लिहितात.

‘संस्कृतातसुद्धा नाही’ हे वाचून तर हसावं की रडावं कळेना. ऋग्वेद उघडा. फार आत जायला नको, पहिलं मंडल, पहिलं सूक्त, पहिली ऋचा : अग्निमीळे पुरोहितम्. अ, ग्नि, मी, ळे. संपूर्ण ऋग्वेदाचं चौथं अक्षर ळ चं आहे! दुसऱ्या ऋचेत त्याच धातूचं रूप येतं ‘ईड्यो’, तिथं मात्र ड आहे. कारण ऋक्प्रातिशाख्यात, म्हणजे ऋग्वेदाच्या उच्चारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, नियमच दिलाय : दोन स्वरांच्या मध्ये ड आला की त्याचा ळ होतो आणि ढ आला की ळ्ह. ‘ईळे’त दोन्ही बाजूंना स्वर आहेत, ‘ईड्यो’त ड ला य चिकटलाय, म्हणून तो ड च राहिला. इतक्या बारकाईनं ज्यांनी ळ ऐकला, त्यांच्या भाषेत तो नव्हता म्हणे. हो, पुढं पाणिनीच्या व्याकरणातल्या वर्णांच्या यादीत, म्हणजे माहेश्वर सूत्रांत, तो नाही आणि कालिदासाच्या संस्कृतातही नाही, एवढं मान्य. पण मेसेजवाल्याला हा फरक माहीत असता तर त्यानं मेसेजच लिहिला नसता.

मराठीत ळ आला तो साध्या वाटेनं. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा ळ झाला : फल-फळ, मूल-मूळ, काल-काळ. प्राकृतात जोडाक्षर होतं तिथं ल टिकला. कल्य, त्याचं प्राकृतात कल्ल, आणि त्याचा आपला ‘काल’, म्हणजे कालचा दिवस. काही ठिकाणी ड चा ळ झाला, गुड-गूळ, षोडश-सोळा. हे माझ्या एका कन्नड मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, ळ तुम्ही आमच्याकडूनच उचललाय. त्यालाही तोच ऋग्वेद दाखवला. पंजाब्यांनी काय बेळगावात येऊन ळ उसना नेला?

आता ते शेपूट. मी सीमाभागातला मराठी माणूस आहे, 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधणारा, त्यामुळं मला कुणी फितूर म्हणू नये. पण नावातला ळ हा पुरावा धरला तर बेंगळूरु आणि मंगळूरुवरही दावा ठोकावा लागेल. 2014 साली सरकारनं नाव बदलून बेळगावी केलं, त्यातही ळ जागच्या जागी आहे. वाद ‘गाव’ की ‘गावी’ याचा. ळ वर दोन्ही बाजूंचं एकमत आहे, अहो, तेवढं एकच तर एकमत आहे! बेळगाव महाराष्ट्रात यावं ही आपली मागणी खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा यांवर उभी आहे. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. तिथं लसणीच्या टोपलीत सापडणारा पुरावा घेऊन जायचं काय?

सगळ्यात राग आला तो ‘ळ म्हणता येत नाही तो मराठी कसला’ या ओळीचा. माझी वहिनी अकोल्याकडची. वऱ्हाडात ळ चा य होतो : जवय, डोये, सकायी. खानदेशातही डोयेच. ती आमच्या गावाला बेयगाव म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा घरातली पोरं तिच्याकडून मुद्दाम ‘केळी’ म्हणवून घ्यायची आणि हसायची, मीही हसलोय. आता बाहेर बोलताना ती ळ जपून काढते, माहेरच्या फोनवर मात्र सगळं जवय. त्या मेसेजखाली सगळ्यांनी टाळ्या टाकल्या, तिनं नुसते हात जोडले. आगरी-कोळी माणूस तर स्वतःला कोली म्हणतो. हे सगळे अमराठी ठरवायचे आणि लसूणवाली ळ म्हणते म्हणून तिला मराठी करायचं, असा हा हिशेब!

एक गोष्ट मात्र नाइलाजानं कबूल. प्रमाण हिंदीत ळ नाही आणि इंग्रजीतही नाही. दिल्लीचे बातमीवाले आमच्या गावाला ‘बेलगाम’ म्हणतात, म्हणजे लगाम नसलेला, तेव्हा माझाही ऊर ळ साठी भरून येतो.

राहता राहिली स्मरणशक्ती. त्याच दिवशी संध्याकाळी आईचा परत फोन : "चष्मा कुठं ठेवला रे मी?" सकाळी अर्धा किलो बेळ्ळुळ्ळी घेऊन आली होती.