खाजगी विद्यापीठाची फी शासन भरत नाही

बारावीचा निकाल लागला की आमच्या सिंधुदुर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो : “खाजगी विद्यापीठाची फी बघून घाबरू नका. मुलींची फी शासन भरतं, मुलांची निम्मी माफ होते, वर विद्यापीठाची स्कॉलरशिप आणि बिनव्याजी, बिनतारण कर्ज.” मी बारावीच्या मुलांना शिकवतो. यातल्या प्रत्येक गोष्टीत थोडं खरं आहे, म्हणूनच माणसं फसतात.

आधी फीमाफी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं. विनाअनुदानित खाजगी कॉलेजंही त्यात येतात. पण खाजगी अभिमत (डीम्ड) आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. निम्म्या फीच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीलाही ती चालत नाहीत. ‘खाजगी कॉलेज’ आणि ‘खाजगी विद्यापीठ’ यांतला हा फरक मेसेज गिळून टाकतो. कॉलेजातही प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा; मॅनेजमेंट कोट्याला सवलत नाही.

देवगडकडचे एक बागायतदार आंब्याचे पैसे हातात आले तसे एका खाजगी विद्यापीठात लेकीची पहिली फी भरून आले. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायला बसले, तेव्हा यादीत त्या विद्यापीठाचं नावच नव्हतं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

विद्यापीठाची स्कॉलरशिप खरी असते. ती किती वर्षांची, कुठल्या गुणांवर टिकणारी, हॉस्टेल-मेसला लागू की नाही, हे लेखी घ्या.

आता कर्ज. केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही हे खरं, पण ती ठरावीक दर्जेदार संस्थांपुरतीच आहे. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते, तीही शिक्षण आणि पुढचं एक वर्ष एवढ्याच काळात. पूर्ण व्याज माफ होतं ते ४.५ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, तेही तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमालाच आणि तेवढ्याच काळासाठी. सवलत नसेल तर हिशेब करून बघा : चार वर्षं दरवर्षी २ लाख उचलले, १० टक्के सरळ व्याज धरलं, तर पहिला हप्ता सुरू होईपर्यंत, म्हणजे शिक्षणानंतर वर्षभराने, ८ लाखांचे १० लाख ८० हजार होतात.

योजनेबाहेर मोठी रक्कम हवी असेल तर बँक तारण मागते. आपल्याकडे सातबारावर चुलते, आत्या, मुंबईचे भाऊबंद मिळून वीसेक नावं. सगळ्यांच्या सह्या जमवेपर्यंत प्रवेशाची तारीख निघून जाते.

फी भरण्याआधी संस्था कॅपच्या यादीत आहे का, एवढं बघा. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ शासनाचं आहे. मालवण आणि रत्नागिरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथून डिप्लोमा करून कॅपमधूनच थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. त्या बागायतदारांच्या लेकीने पुढच्या वर्षी कॅपमधूनच अर्ज भरला.