घशातला खडा आणि काकांचा सल्ला

परवा बोलता बोलता ढास लागली आणि घशातून काहीतरी सुटून थेट शेजारच्या काकांच्या चष्म्यापाशी पडलं. पिवळट, जेमतेम 3 मिलिमीटर. मी रुमाल काढेपर्यंत काकांनी ते बोटाने चिरडून हुंगलंसुद्धा. अख्खा खडा फारसा वास मारत नाही. चिरडला की मात्र खोली सोडावीशी वाटते.

"शी! काय रे हे?"

"टॉन्सिल स्टोन, काका."

"स्टोन? मग भरपूर पाणी पी. लघवीवाटे पडून जाईल."

"तो मूत्रपिंडातला. हा घशातला आहे."

"आणि पाणी जातं कुठून? घशातूनच ना? जाता जाता घेऊन जाईल!"

यावर काय बोलणार? मी गप्प बसलो तशी काकांना तेजी आली. टोमॅटो बंद कर, दूध बंद कर, सोनोग्राफी केलीस का, किती एमेमचा आहे. माणूस स्वतःच्या तोंडाच्या वासाने आधीच शरमलेला असतो, त्यात ही उलटतपासणी!

मूत्रपिंडातले खडे लघवीतल्या क्षारांचे. टॉन्सिलला मात्र खोल खाचा असतात, क्रिप्ट म्हणतात त्यांना. त्यांत मेलेल्या पेशी, अन्नाचे कण, चिकट स्राव अडकतात. ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू त्यावर पोसतात आणि गंधकाचे वायू सोडतात, म्हणून तो सडक्या अंड्याचा वास. पुढे कॅल्शियमचे क्षार बसून ऐवज कडक होतो. दूध सोडून यात काही फरक पडत नाही. पाण्याचं मात्र काकांचं बरोबर निघालं (कारण साफ चुकीचं असूनही), आणि हेच मला जास्त लागलं. तोंड कोरडं पडलं की या जिवाणूंचं फावतं.

रोजचा उपाय साधा आहे. कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवल्यावर मान मागे टाकून चांगल्या खळखळून गुळण्या. दात घासताना जीभही घासायची. खडा दिसत असेल तर आरसा, टॉर्च आणि ओली केलेली कापसाची काडी. काडी खड्यावर टेकवली की तो आत सरकतो. म्हणून शेजारचा भाग खालून वर हलकेच दाबायचा. बहुतेक वेळा आधी डोळ्यांतलं पाणी बाहेर येतं, खडा नाही. ओकारी आली की थांबायचं. वॉटर फ्लॉसर (दातांच्या फटी पाण्याच्या धारेने धुणारं यंत्र) असेल तर सगळ्यात कमी दाबावर, धार तिरकी धरून. टूथपिक, पिना, नखं अजिबात नाहीत. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर, एक ओरखडा पुरतो. अँटिबायोटिकने थोडे दिवस बरं वाटेल, पण खाच जागच्या जागी राहते, ती पुन्हा भरते.

"मग काढूनच टाक ना टॉन्सिल!" काका म्हणाले, नखं कापावीत तसं. मोठेपणी ती शस्त्रक्रिया म्हणजे दोनेक आठवडे घोट गिळताना कळवळणं, शिवाय आठवड्याभराने रक्तस्रावाची धास्ती. लेझरने खाचा बुजवण्याचाही पर्याय आहे. पण वरचेवर होणाऱ्या, खरोखर छळणाऱ्या खड्यांसाठीच हे सगळं.

ताप आणि दुखऱ्या घशासोबत पांढरे ठिपके दिसले तर तो संसर्ग असू शकतो, खडा नव्हे. एकच टॉन्सिल मोठा दिसतोय, रक्त येतंय, गिळायला त्रास होतोय, तर नाक-कान-घसा तज्ज्ञ गाठायचा. तिथे नेमका खडा गायब असतो. तरी पुरावा म्हणून डबीत भरून नेऊ नये. त्यांना खाचा बघूनही अंदाज येतो, आणि डबी कोणीतरी उघडतंच.