जाता जाता कळसूबाई

चार दिवसांची कौटुंबिक सहल निर्विघ्नपणे पार पडत आली असेल, कोणाचे पोट बिघडले नसेल, कोणी कोणाशी अबोला धरला नसेल आणि गाडीनेही कुठे दगा दिला नसेल, तर सहलीच्या सूत्रधाराने शेवटच्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बशीवरून मान वर करून "जाता जाता कळसूबाई करून टाकू" असे जाहीर करावे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्या दिरांनी भंडारदऱ्याला नेमके हेच केले, आणि त्या अनुभवाच्या बळावर होतकरू सूत्रधारांना चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला प्राप्त झाला आहे.

सर्वप्रथम "करून टाकू" या क्रियापदाचे सामर्थ्य ओळखावे. कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर असून पायथ्याच्या बारी गावापासून सुमारे आठशे मीटर चढावे लागते, असे सांगितले तर माणसे विचार करू लागतात. "करून टाकू" म्हटले की तेच काम वीजबिल भरण्याइतके किरकोळ वाटते. त्याला "वाटेतच आहे" अशी जोड द्यावी. बारी हे घोटीच्या दिशेला आहे आणि आपली पुण्याची वाट मात्र राजूर, अकोले, संगमनेर अशी दुसरीकडेच जाते, ही गोष्ट केवळ नकाशा पाहणाऱ्या सुनेच्या लक्षात येते, आणि सुनेच्या नकाशावाचनाला आपल्याकडे कोण विचारतो?

शारीरिक सरावाची मुळीच चिंता करू नये. दोनच दिवसांपूर्वी वणीला पाचशेच्या आसपास पायऱ्या टाळण्यासाठी आम्ही सर्व जण ट्रॉलीत बसून देवीच्या दर्शनाला गेलो होतो, एवढी पूर्वतयारी पुरेशी मानण्यात आली.

पाण्याच्या बाटल्या सात माणसांत दोन न्याव्यात. जड होतात.

आता वेळेविषयी. ज्यांना डोंगर कळतो ते पहाटे अंधारातच चढू लागतात आणि ऊन तापायच्या आत उतरणीला लागतात, परंतु आपण सुट्टीवर आहोत. आठला उठावे, नऊला न्याहारी करावी, मग खोल्या सोडताना विसरलेला चार्जर शोधावा, आणि रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे निम्मा महाराष्ट्र डोंगरावर हजर असताना, बारीत गाडी लावायला जागा शोधत फिरावे. ऑक्टोबरच्या उन्हात पहिल्या तासाभरातच पाणी संपते. त्यानंतर वाटेवरच्या झोपडीत लिंबू सरबत विकणाऱ्या मावशींशी दहा रुपयांवरून घासाघीस करावी. त्या माउलीने पाण्याचे हंडे आणि लिंबे खालून डोक्यावर वाहून आणलेली असतात, पण हिशेब म्हणजे हिशेब. पुढे लोखंडी शिड्या लागतात. तिथे चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर समोरासमोर येतात, कोणाच्या तरी पाठपिशवीतला स्पीकर ठणाणा करत असतो, आणि बरोबर मध्यावर एक तरुण कठड्याला रेलून, केस सावरून, फोटो मनासारखा येईपर्यंत तिथून हलत नाही. त्याच्या खाली सहा पायऱ्यांवर आमच्या सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या होत्या. त्यांचे गुडघे थरथरत होते, मागून "चला ना काकू" असा गलका चालला होता, आणि सूत्रधार वरून ओरडत होते, "आई, आता आलंच!" ते त्यापूर्वीही तीनदा आलेच होते. मुलाबाळांसमोर खचल्याचे दाखवायचे नाही म्हणून त्या बाई हसत होत्या हो, आणि ते हसू पाहून मला त्या शिडीवरच मोठ्याने भांडावेसे वाटले.

शिखरावर छोटे मंदिर आहे. कळसू नावाच्या मुलीने केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, या अटीवर पाटलाच्या घरी काम धरले होते आणि अट मोडली गेली तेव्हा ती सरळ डोंगरावर निघून आली, अशी कथा सांगतात. ती पुन्हा खाली उतरली नाही. दुपारी साडेतीन वाजता तिच्या दारात बसून ही कथा मला जितकी पटली तितकी पूर्वी कधी पटली नव्हती.

बॅटरी मुळीच सोबत नेऊ नये, कारण मोबाइलला दिवा असतो आणि मोबाइलचा चार्ज समोरच्या अलंग, मदन, कुलंग या किल्ल्यांचे व्हिडिओ काढण्यात संपलेला असतो.

शेवटी गाडी चालवणारा. तो आपलाच माणूस असतो, चार दिवस चाकामागे असतो, आणि अंधारात घसरत, धाकट्या मुलाला पाठुंगळीला घेऊन तो साडेसातला खाली पोहोचला की त्याच्या हातात पुन्हा किल्ली द्यावी, कारण उद्या सोमवार आहे.

नाही, आता यात विनोद करण्यासारखे काही उरलेले नाही. संगमनेरच्या पुढे, चंदनापुरीच्या घाटात, माझ्या नवऱ्याचा डोळा लागला. ट्रकचा भोंगा वाजला म्हणून आम्ही सात जण आज आहोत. मागे मुले झोपली होती आणि सूत्रधारही घोरत होते. त्यांना ही हकिगत चाकणच्या कोंडीत जाग आल्यावर समजली, आणि तरीही घरी पोहोचताच त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर शिखरावरचा फोटो टाकून वाहवा मिळवली. सासूबाई त्यानंतर आठ दिवस जिना धरून उतरत होत्या.

अहो, कोणाला विचारले होते तुम्ही? आईच्या गुडघ्यांना विचारले होते, की रात्रभर गाडी चालवणाऱ्या भावाला? तुम्हाला डोंगर चढायचा असेल तर जरूर चढा, पण त्यासाठी वेगळे दोन दिवस काढा, आदल्या रात्री बारीत मुक्काम करा, पहाटे निघा, आणि ज्यांना नको आहे त्यांना खाली झाडाखाली सुखाने बसू द्या. ते जमत नसेल तर राजूरचे पेढे घ्या आणि उजेडी घरी या.