‘दोन तासांच्या कामाला आठवडा लावला’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू वाचला. दुसऱ्या दुकानात ‘फोर्स ऑनलाइन करून (म्हणजे बाहेर पडलेली डिस्क जबरदस्तीने आत घेऊन) दोन तासांत सर्व्हर चालू करून देतो’ म्हणाले होते, आम्ही आठवडा लावला आणि तरीही काही स्कॅन फाइली उघडत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. रिटर्नची तारीख तोंडावर असताना ऑफिस बंद ठेवणं काय असतं, याची मला कल्पना आहे. पण ते दोन तासांचं काम आम्ही मुद्दाम केलं नाही. लॅमिंग्टन रोडवर हाच प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतं, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

तुमच्या सर्व्हरला ४ टीबीच्या ४ डिस्क, रेड ५ पद्धतीने जोडलेल्या, म्हणजे प्रत्येक फाइल तुकड्यांत चारही डिस्कवर वाटलेली आणि एका डिस्कवरचं गेलं तर बाकीच्यांवरून काढता येणारं. यात एक डिस्क गेली तरी निभावतं, दुसरी गेली की खेळ खलास. पहिली मार्चमध्येच बाहेर पडली होती, डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलर कार्डच्या लॉगमध्ये तारखेसकट नोंद आहे. सर्व्हर चालूच राहिल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. जूनमध्ये नवीन डिस्क टाकून रिबिल्ड, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून नवीन डिस्क भरून घेण्याचं काम, लावला गेला. रिबिल्डला उरलेल्या तिन्ही डिस्क शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण १२.५ टीबी वाचनामागे एखादी चूक गृहीतच धरलेली असते. त्यात चारही डिस्क एकाच लॉटच्या, सारख्याच झिजलेल्या. दुसरी डिस्क रिबिल्डमध्येच अडकली.

आता फोर्स ऑनलाइनचं. पहिल्या डिस्कवरचा डेटा मार्चपर्यंतचा, बाकीच्यांवरचा जूनपर्यंतचा. तिला जबरदस्तीने आत घेतलं की फाइलचा एक तुकडा जुना आणि बाकीचे नवे. वरून विंडोजने चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवला, की न जुळणाऱ्या नोंदी ते ‘दुरुस्त’ करत सुटतं आणि फोल्डरच्या फोल्डर उडतात. मग टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा, डेटाही हाती लागला नसता.

वेळ गेला तो त्या दुसऱ्या डिस्कवर. डेटा वाचणारं हेड एका ठरावीक भागावर आलं की टक-टक आवाज यायचा आणि डिस्क हँग व्हायची. पॉवर काढायची, तो भाग सोडून पुढचा चांगला भाग आधी वाचून घ्यायचा, मग मागे येऊन राहिलेलं छोट्या छोट्या तुकड्यांत, कधी उलट्या दिशेने वाचायचं. इथे घाई केली असती तर हेडच गेलं असतं. सगळ्या डिस्कच्या प्रती काढून रेड त्या प्रतींवर जुळवलं, तुमच्या मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलेलं नाही. उघडत नसलेल्या फाइली न वाचता आलेल्या सेक्टरांवर, म्हणजे डिस्कच्या छोट्या कप्प्यांवर, होत्या. त्यांची यादी डिलिव्हरीच्या पाकिटात दिली आहे, कृपया बघा.

‘स्मार्ट टेस्ट तर पास होती’ असंही तुम्ही लिहिलंय. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती आपल्या तब्येतीची नोंद. गूगलने २००७ साली आपल्या डिस्कचा अभ्यास छापला. त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य आकड्यांत आधी कुठलीच खूण दाखवली नव्हती. पास आलं म्हणून निर्धास्त राहू नका, आणि रेडला बॅकअप समजू नका.

काढलेल्या प्रती अजून आमच्याकडे आहेत, तुम्ही सांगेपर्यंत पुसणार नाही. नवीन सर्व्हर लावाल तेव्हा डिस्क पडल्याचा मेल अलर्ट आणि बाहेरच्या डिस्कवर रोजचा बॅकअप आमचा माणूस येऊन लावून देईल, त्याचे पैसे नकोत.

— दुकानमालक