झेंडा काढलात म्हणून परत बोलावलं सर

नमस्कार सर, आधी सॉरी. आमच्या कयाकवरचं (वल्हवायची छोटी होडी) लाइफ जॅकेट ओलं होतं, कुबट वास येत होता असं तुम्ही दोन स्टारच्या रिव्ह्यूत लिहिलंय ते खरं आहे, डिसेंबरात शनिवार-रविवार एकामागोमाग लोक येतात, सुकायला वेळच मिळत नाही. आणि आमचा मुलगा काठावरून सगळ्यांसमोर ओरडला तेही चुकलंच, त्याला बोललोय मी.

पण "तासाचे 500 घेऊन 40 मिनिटांत परत बोलावलं, सरळ फसवणूक" हे वाचून रात्रभर झोप नाही लागली. सर तुम्ही पावणेपाचला निघालात. कयाकच्या मागे काठीला नारिंगी झेंडा मी स्वतः बांधून दिला होता. फोटोत मधे येतो म्हणून तो तुम्ही काढून पायाशी ठेवलात, वरून जॅकेटवर नेव्ही ब्ल्यू शर्ट चढवलात. मुलाने शिट्टी मारली, तुम्ही हात हलवलात, आणि खाडी सोडून संगमाच्या बाहेर समुद्रात निघालात.

त्या टायमाला देवबाग गावच्या मासेमारीच्या होड्या जाळी टाकायला बाहेर पडतात. तांडेलाचं, म्हणजे होडी चालवणाऱ्याचं, तोंड पश्चिमेला, ऊन सरळ डोळ्यांवर, सगळं पाणी पत्र्यासारखं चमकतं. त्यात इंजिनने स्पीड घेतला की होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलते, समोरचं पाणी त्याला दिसतच नाही. कयाकमधला माणूस पाण्यावर असतो किती, तर जेमतेम अडीच-तीन फूट, मधे एक लाट आली की डोकंपण गायब. गडद शर्ट तर त्या पाण्यात कळतच नाही. लांबून काय दिसतं तर फडफडणारा झेंडा, नाहीतर वर-खाली होणारं पॅडलचं पिवळं पातं, आणि तुम्ही तर सेल्फीसाठी पॅडल मांडीवर आडवं टाकून बसला होतात. तुम्हाला होडी दिसत होती म्हणून तुम्ही निवांत होतात, होडीवाल्याला तुम्ही दिसत नव्हता हो. म्हणून आमची बोट पाठवून आणलं, 20 मिनिटं वाचवायला नाही. त्या बोटीच्या पेट्रोलचे पैसे तुमच्याकडून घेतले का आम्ही?

पावसाळ्यात आमचा धंदा पूर्ण बंद असतो, जे काय ते या सात-आठ महिन्यांत, आणि लोक स्टार बघूनच येतात. बारा वर्षांत आमच्याकडून गेलेला एकही माणूस होडीखाली आलेला नाही, तो याच झेंड्यामुळे.

झेंडा का लावतो ते निघायच्या आधी नीट सांगायला हवं होतं, ते यापुढे सांगू, बोर्डपण लावतोय. नवीन जॅकेटचं बघतो या महिन्यात. 20 मिनिटांचे पैसे आजच परत पाठवतो, तुमचा नंबर वहीत आहे. दोन स्टार राहू देत, पण जमलं तर "फसवणूक" तेवढं काढा सर.