पायगुणाचं बाळ

वहिनीचं तिसरं आयव्हीएफ फसून आठवडाही झाला नव्हता, आणि आत्याने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला. वहिनी ४३ची, दादा ४६चा. मजकूर थोडक्यात असा: चाळिशीनंतर सरकार दत्तक देत नाही, आयव्हीएफ मात्र पन्नाशीपर्यंत हमखास, तरी अडलंच तर ओळखीने एखादं बाळ घरी आणा, त्याच्या पायगुणाने वर्षात कूस उजवते, आणि घाबरू नका, दत्तक मुलाला जमिनीत वाटा नसतो. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

पायगुणाचं आधी घेते, कारण रात्री फोन करून वहिनीने तेवढंच विचारलं, "असं खरंच होतं का गं?"

होतं, कधीकधी. दत्तक न घेताही उशिरा दिवस राहिलेली जोडपी असतात, पण त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. दत्तक घेतल्यावर पुढे काहीच न झालेल्यांची तर नाहीच, त्यात सांगण्यासारखं काय? उरतात ते दोन-चार योगायोग, आणि ते प्रत्येक हळदीकुंकवाला भेटतात. बरं, समजा झालंच. मग आधी आणलेलं लेकरू कोण? नवसाचा नारळ? काम झालं की फोडायचा? ते पोर मोठं होऊन ऐकणारच आहे की आपल्याला कशासाठी आणलं होतं. आत्या, हे तू वाचून पुढे पाठवलंस का, न वाचताच?

आणि कायद्याची प्रक्रिया टाळून अनाथ किंवा सोडून दिलेलं बाळ 'ओळखीने' आणणं हा गुन्हा आहे. बालन्याय कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

'पन्नाशीपर्यंत हमखास'? पन्नास ही २०२१च्या कायद्याने बाईच्या वयाला घातलेली वरची मर्यादा आहे, यशाची हमी नव्हे. ब्रिटनमध्ये आयव्हीएफची सरकारी नोंद ठेवतात. तिथे ४३-४४ वयाच्या बाईला स्वतःच्या बीजातून, गर्भाशयात सोडलेल्या एका भ्रूणामागे मूल होण्याचं प्रमाण सुमारे ५ टक्के आहे. २०१९ मध्ये गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या बाईंना जुळं झालं, ती बातमी फॉरवर्डमध्ये आहे. बीज दुसऱ्या स्त्रीचं होतं, हे नाही.

जमिनीचं एका ओळीत: कायदेशीर दत्तक मूल सगळ्या हक्कांनी त्या घरचं असतं. दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा खालसा करणारा डलहौसी केव्हाच गेला, आमच्या नात्यात अजून आहे.

आता एक कबूल करते. तान्ह्या बाळासाठी रांग मोठी आहे, तीन-तीन वर्षं जातात. वयाची अटही आहे, पण चाळिशीची नाही. २०२२च्या दत्तक नियमावलीत नवरा-बायकोच्या वयांची बेरीज धरतात: दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५, चारपर्यंत ९०, आठपर्यंत १००, त्यापुढे ११०. एकट्या व्यक्तीसाठी अनुक्रमे ४०, ४५, ५०, ५५. फॉरवर्ड करायचंच तर हे कर.

दादा-वहिनीची बेरीज आज ८९. दोघांचेही वाढदिवस दिवाळीनंतर, म्हणजे त्याआधी नोंदणी केली नाही तर ९१ होईल आणि चार वर्षांपर्यंतचं मूल हातचं जाईल. डॉक्टरांनी चौथ्या सायकलसाठी जानेवारी सांगितलाय. काय ते दोघं ठरवतील. बेरीज मी वहिनीला पाठवली आहे, ग्रुपवर नाही, वेगळी.